‘सळई’चा चौथा ड्रमर

शनिवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. जालन्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत सरकीच्या एका गोदामात बिभीषण म्हस्कू शिंगाडे ड्रम वाजवतो आहे. शटर अर्धं खाली ओढलेलं. बसायला स्टूल नाही. तेलाचा रिकामा डबा उलटा ठेवून त्यावर पोत्याची घडी टाकलेली. उजवा पाय अनवाणी, डाव्या पायात चप्पल. कानात हेडफोन आणि हेडफोनमध्ये एकसारखी टिकटिक. रेकॉर्डिंगवाले या टिकटिकीला ‘क्लिक’ म्हणतात. मशीन सारख्या अंतराने ठोका देतं. वाजवणाऱ्याने त्या ठोक्याच्या पुढे जायचं नाही आणि मागेही राहायचं नाही. सगळ्यांनी क्लिक पाळला की गाण्याचे तुकडे वेगवेगळे वाजवून नंतर जोडता येतात.

हमाल सातला येतात. तोपर्यंत गोदाम त्याचं.

बिभीषण एकतीस वर्षांचा आहे. ‘सळई’ नावाच्या रॉक बँडचा तो ड्रमर. जालन्यात लोखंडाच्या सळया तयार होतात, त्यामुळे बँडचं नाव ठरायला फार वेळ लागला नव्हता. बँडमध्ये तिघं आहेत. गिटार वाजवणारा आणि गाणारा आर्यन. गोदाम त्याच्या वडिलांचं. बेस गिटारवर आकांक्षा. ती भोकरदनची, जालन्यात एका शिकवणीत गणित शिकवते. आणि मागे बिभीषण. गाणी मराठी आणि स्वतःची. कार्यक्रम कॉलेजांत, गणपतीत, क्वचित एखाद्या हॉटेलच्या उद्घाटनाला.

उद्या, रविवारी, संभाजीनगरला चार गाण्यांचं रेकॉर्डिंग आहे. याआधी दोनदा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा तो फसला तो बिभीषणमुळे. दुसऱ्या वेळेनंतर लगेच आर्यनने सांगून टाकलं होतं.

“भाऊ, स्पष्ट बोलतो. पुढच्या टायमाला क्लिकवर न्हाई बसलं, तर मशीनचे ड्रम टाकू. रेकॉर्डला बी आन् कार्यक्रमाला बी.”

“बरं,” बिभीषण म्हणाला.

“बरं म्हंजे काय?”

“बरं म्हंजे बरं.”

लहान शहरात गिटारवाले पैशाला पासरी मिळतात. ड्रमर मिळत नाही. ड्रमसेटला जागा लागते, तो उचलून न्यायला गाडी लागते, आणि शेजारी पहिल्या आठवड्यातच भांडायला येतात. हे सगळं झेलून जो टिकतो, तो माणूस थोडा वेगळाच असतो. ‘सळई’च्या वाट्याला असे तिघं आधी येऊन गेले.

पहिला राधेश्याम. बियाण्यांच्या दुकानात बसायचा. वाजवताना पुढच्या रांगेत कुणी मोबाइल बघताना दिसला की त्याचे हात थांबायचे. त्या माणसाने मोबाइल खिशात घातल्याशिवाय गाणं पुढे सरकत नसे. एका गणपतीत तो माणूस मंडळाचा अध्यक्ष निघाला आणि कार्यक्रम तिथेच संपला. मग मिथुन आला. एका मंगल कार्यालयात छताचा पंखा त्याच्यापासून हातभर अंतरावर पडला होता. तेव्हापासून तो हेल्मेट घालून वाजवायचा. मे महिन्यातही, उघड्या मैदानातही. “इथं वर काय हाय पडायला?” असं आकांक्षाने विचारलं तेव्हा त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. तिसरा कल्याण. त्याला शांतता सहन होत नव्हती. दोन गाण्यांच्या मध्ये वाजवायचा, आभारप्रदर्शनाखाली वाजवायचा. एकदा प्रमुख पाहुण्यांच्या भाषणालाही त्याने खालून हलका ताल धरला. पाहुण्यांना तो आवडला आणि भाषण लांबलं. पुढे कल्याणचं लग्न झालं, सासरच्या ओळखीने पुण्यात नोकरी लागली, आणि त्याचा सेट बिभीषणकडे आला.

बिभीषणच्या तऱ्हा या तिघांपुढे साध्या वाटतील. गाणं सुरू करताना ड्रमरने काड्या एकमेकींवर आपटून चार मोजायचे असतात. बिभीषण मोजत नाही. मेंढरं हाकताना काढतात तसा जिभेचा आवाज काढतो, आणि त्यावर गाणं सुरू होतं. काड्या विकतच्या नाहीत. बोरीच्या लाकडाच्या, कोयत्याने तासून काचेने घासलेल्या, एक दुसरीपेक्षा बोटभर लांब. मोठ्या ड्रमचा आवाज घुमू नये म्हणून लोक त्याच्या पोटात उशी कोंबतात. बिभीषणच्या ड्रममध्ये वडिलांची जुनी घोंगडी आहे. पावसाळ्यात ती दमट होते आणि सेटला मेंढरांचा वास येतो.

“दादा, आपला बँड डोळे मिटून बी वळखू येतो,” आकांक्षा म्हणायची.

घोंगडीचं नाव काढलेलं त्याला चालत नसे. आर्यनने एकदा ती धुवायला टाकू का, एवढंच विचारलं होतं. बिभीषण दोन आठवडे सरावाला फिरकला नाही.

पण रेकॉर्डिंग फसलं ते घोंगडीमुळे किंवा काड्यांमुळे नव्हे. त्याचं कारण त्याच्या पोटापाण्याच्या कामात आहे.

शिंगाड्यांचं गाव शहागडजवळ, गोदावरीच्या काठाला. घरची मेंढरं थोरला भाऊ सांभाळतो. बिभीषण सोळाव्या वर्षी जालन्याला आला आणि बद्रीनाथभाऊंच्या बेंजो पार्टीत लागला. लग्नाच्या मोसमात आजही त्याचं घर त्यावर चालतं. एका पिकअप गाडीवर भोंगे आणि जनरेटर, पुढच्या बाजूला बेंजो घेऊन खुद्द बद्रीनाथ, आणि गाडीच्या मागच्या टोकाला, मागे तोंड करून, ड्रमर. गाडी माणसाच्या पावलाने चालते. तिच्या मागे नाचणारे आणि त्यांच्या मागे घोड्यावर नवरदेव. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जाऊन मांडवात येतो. या मिरवणुकीला इकडे परण्या म्हणतात.

मुहूर्त गाठायचा तर परण्या वेळेत पोहोचला पाहिजे. आणि नाचणाऱ्यांना कुणी ‘चला, चला’ केलेलं आवडत नाही. त्यांना पुढे नेणं हे ड्रमरचं काम. तो त्यांच्या पायांकडे बघतो. पाय रंगले की चाल किंचित चढवायची, इतकी किंचित की नाचणाऱ्याला कळू नये. पाऊल आपोआप पुढे पडतं. चौकात गर्दी अडकली की चाल उतरवायची, लोकांना दम खाऊ द्यायचा, पुन्हा चढवायची. मांडव दिसला की हात मोकळा सोडायचा. बद्रीनाथभाऊ याला ‘परण्या हाकणं’ म्हणतात. बिभीषणने एकही मुहूर्त चुकू दिला नाही, असं ते नव्या गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगत. मागच्या वर्षीपर्यंत सांगत.

हीच सवय तो ‘सळई’त घेऊन आला. स्टेजवर ड्रमर मागे बसतो, त्याला पुढच्यांच्या पाठी आणि पाय दिसतात. आर्यनची टाच हलायला लागली की बिभीषणची चाल चढायची. खुर्च्यांवरच्या पोरांचे पाय हलले की आणखी चढायची. प्रत्येक गाण्याच्या शेवटी कुठेतरी मांडव आहे आणि सगळ्यांना तिथे वेळेत न्यायचं आहे, असं ते वाजवणं होतं. लोक उठून उभे राहायचे. शेवटच्या कडव्यात आर्यनचे शब्द मात्र तोंडात मावायचे नाहीत.

संभाजीनगरच्या स्टुडिओचा मालक प्रितम. पहिल्या वेळी त्याने गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“सुरुवातीचं आणि शेवटचं, ही दोन वेगळी गाणी आहेत का?”

“एकच आहे,” आर्यन म्हणाला.

“मग ह्यांना सांगा, मागे कुणी लागलेलं नाही.”

दुसऱ्या वेळी त्याने बिभीषणच्या कानात क्लिक दिला. अर्ध्या गाण्यात बिभीषणने हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि वाजवत राहिला. संपल्यावर म्हणाला, “तुमचं मशीन मागं राहून राह्यलंय. सेल बदला.”

हे सगळं मागच्या मार्चच्या आधीचं.

मार्चमध्ये तीर्थपुरीला एक परण्या होता. गाडी बाजारपेठेत निम्म्यावर आली असताना भावाचा फोन आला. आबा, त्याचे वडील, गेले. सकाळी मेंढरं सोडून आले, ओट्यावर टेकले आणि परत उठले नाहीत. बिभीषणने फोन खिशात घातला, गाडीच्या पुढच्या बाजूला जाऊन बद्रीनाथभाऊंच्या कानात सांगितलं. त्यांनी बेंजोवरचा हात काढला.

“उतर खाली. गाडी पाहून देतो, जल्दी जा.”

“वाजवायला कोण हाय दुसरं?”

“न्हाई कुणी. मी नुसत्या बेंजोवर नेतो.”

“नुसत्या बेंजोवर लोकं हलत न्हाईत. एवढं पोहोचवू द्या. मंग जातो.”

त्या दिवशी त्याने पायांकडे पाहिलं नाही. झांज स्टँडवर एका नटाने कसलेली असते. त्याने त्या नटावर नजर ठेवली आणि वाजवलं. चाल चढली नाही, उतरलीही नाही. नाचणारे जागच्या जागी नाचत राहिले. समोर मांडव दिसत होता आणि परण्या त्याच्याकडे सरकत नव्हता. मुहूर्त टळला. मांडवाच्या दाराशी नवरदेवाचा मामा गाडीच्या फाळक्यावर चढला.

“मयतीला आल्यावानी काय वाजवून राह्यला रे? हातात जीव न्हाई का?”

बद्रीनाथभाऊ काही बोलणार होते. बिभीषणने त्यांच्या दंडावर हात ठेवला. मग तो उतरला आणि शहागडकडे निघालेल्या एका ट्रकमध्ये बसला. मातीला जमलेले लोक त्याच्यासाठी थांबले होते.

तो रडला नाही. तेरावा झाला, डोक्यावर केस परत आले, तरी नाही. याबद्दल तो फार सांगत नाही, आणि लपवतो आहे असंही वाटत नाही. जेवतो, झोपतो, कामाला वेळेवर जातो. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणतो, “दाढ काढायला सुई देतेत ना, मंग गाल कसा ऱ्हातो? आपलाच आसतो, पण कळत न्हाई. तसं हाय.”

आई, जयवंताबाई, दोन शेळ्या घेऊन त्याच्याकडे जालन्याला राहायला आली. पत्र्याच्या खोलीत तो रात्रीच्या जेवणाआधी उशीवर काड्या वाजवून सराव करतो. एकदा तिने भाकरी थापता थापता सांगितलं.

“आधी तुझं वाजवणं ऐकलं की माझ्या छातीत धडधड व्हायची. आता झोप लागती.”

“मंग झोप की माय.”

“झोपतेच. चांगलं न्हाई म्हणून सांगून राह्यले, मूर्खा.”

‘सळई’च्या सरावात हा फरक आधी आकांक्षाच्या लक्षात आला. गाणं ज्या चालीत सुरू झालं त्याच चालीत संपलं. तिने मोबाइलवर मोजून पाहिलं. काही हललं नव्हतं. आर्यनने गिटार गळ्यात असतानाच त्याला मिठी मारली.

“भाऊ, जमलं की! कुठून शिकून आल्ते?”

“कुठून न्हाई.”

“दादा,” आकांक्षा म्हणाली, “तुम्ही आमच्याकडं पाहून न्हाई राह्यले.”

“काय पाहायचं?”

ती पुन्हा मोबाइलवरच्या आकड्याकडे बघायला लागली. रेकॉर्डिंगचे पैसे जमायला वर्ष गेलं, मग आर्यनने प्रितमला फोन करून हा रविवार ठरवून टाकला.

बद्रीनाथभाऊंकडे नेमकं उलट चाललं होतं. वर्षभर त्यांचे परण्ये उशिरा पोहोचत होते. मुलीकडचे लोक मांडवाच्या दारात घड्याळं दाखवायचे. बद्रीनाथभाऊ बिभीषणला दोनदा बोलले, मग बोलायचे थांबले. नव्या गिऱ्हाइकापुढे छातीवर हात ठेवणंही त्यांनी सोडलं.

खरं तर शनिवारी सकाळी गोदामात सराव करायची तशी गरज नव्हती. क्लिक त्याला केव्हाच जमला होता. सातला हमाल आले, शटर वर गेलं. एकाने दारातूनच विचारलं, “आज कुणाची वरात?” बिभीषणने हेडफोन काढून वायर गुंडाळली आणि सेट उद्यासाठी बांधायला घेतला.

रविवारी लग्नतिथी नव्हती. तिघं आर्यनच्या गाडीत, सेट भाड्याच्या टेम्पोत. स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात आहे. भिंतींना काळा स्पंज, खिडकी नाही. प्रितमने मोठ्या ड्रममध्ये हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

“हे काय आहे?”

“घोंगडी,” बिभीषण म्हणाला.

“काढावी लागेल. माईकला घासते.”

आर्यनने आकांक्षाकडे पाहिलं. बिभीषणने वाकून घोंगडी ओढून काढली, झटकली, घडी घालून दाराजवळ ठेवली. प्रितमने उशी दिली, ती त्याने कोंबली. तेलाचा डबा करकरतो म्हणून स्टूल आलं. तो स्टुलावर बसला. जिभेचा आवाज रेकॉर्ड होईल, तो नको, सुरुवातीचे चार ठोके क्लिकच देईल, असं प्रितमने सांगितलं. त्याने मान हलवली. बोरीच्या काड्यांमुळे डावा-उजवा आवाज सारखा येत नव्हता. दुकानातल्या दोन सारख्या काड्या आल्या. त्याने त्या हातात घेऊन एकदा तोलल्या.

“चालतील?”

“चालतील.”

पहिलं गाणं एका दमात झालं. काचेपलीकडे प्रितम स्क्रीनवर वाकला. क्लिकच्या उभ्या रेषा आणि बिभीषणचे ठोके एकमेकांवर बसले होते. त्याने चित्र मोठं करून पाहिलं, आणखी मोठं केलं.

“पुण्याचे लोक येतात माझ्याकडे. असं बसलेलं पाहिलं नाही. मशीन आहे हा माणूस.”

आर्यनने काचेवर थाप मारून अंगठा दाखवला.

दुसऱ्या गाण्याचं पहिलं कडवं संपलं आणि प्रितमने हात वर केला.

“बास. झालं.”

“दोन कडवी बाकी हायेत,” बिभीषण म्हणाला.

“सारखीच आहेत ना? हेच कॉपी करून पुढे लावतो. ऐका.”

त्याने तुकडा उचलून पुढे दोनदा चिकटवला आणि गाणं वाजवलं. चौघांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“जोड कुठंय, सांगा,” प्रितम म्हणाला.

आकांक्षाने चुकीची जागा सांगितली. आर्यनने हात वर केले. बिभीषणलाही सापडला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याला कडवंभरही वाजवावं लागलं नाही. दिवसभराचं म्हणून धरलेलं ड्रमचं काम जेवणाच्या आधी उरकलं. आर्यन आणि आकांक्षाचं काम बाकी होतं, त्यामुळे बिभीषण वर येऊन जिन्याजवळच्या बाकावर बसला. फडक्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, नळावर हात धुतले. खालून काही ऐकू येत नव्हतं. स्पंज चांगल्या प्रतीचा होता.

परतताना बदनापूर मागे पडल्यावर आर्यनने आवाज साफ केला.

“भाऊ, एक बोलायचं होतं.”

“बोल.”

“आता रेकॉर्ड तर झालं. प्रितम म्हणला, कार्यक्रमाला बी हेच लॅपटॉपवरून लावता येतं. म्हंजे सेट न्यायचा न्हाई, टेम्पो न्हाई, माईक लावत बसायचं न्हाई. कॉलेजवाले म्हणतेत दहा मिनिटात सुरू करा. ते होईल.”

“आन् दादा?” मागच्या सीटवरून आकांक्षाने विचारलं.

“दादाचंच वाजंल की! मशीन थोडंच लावून राह्यलोय? नाव दादाचंच ऱ्हाईल.”

“बटन कोण दाबील?” बिभीषणने विचारलं.

“मीच. पायानं दाबायचं आसतं.”

“बरं.”

“काय बरं?” आकांक्षा पुढे वाकली. “दादा, तुम्हाला जमलं न्हाई म्हणून मशीन लावलं आसतं तर एकवेळ ठीक होतं. तुम्ही बराबर वाजवलं, तर हा तुम्हालाच काढून राह्यलाय.”

“काढून न्हाई राह्यलो, मी—”

“गप रे तू. समोर पाहून गाडी चालव. दादा, चिडा की जरा. काहीतरी बोला ह्याला.”

बिभीषण काचेतून बाहेर बघत होता. रस्त्याच्या कडेला मोसंबीची बाग, मग ढाबा, मग टायरचं दुकान गेलं. त्याने खरंच प्रयत्न करून पाहिला असावा, कारण उत्तर यायला बराच वेळ लागला.

“राग न्हाई येऊन राह्यला,” तो म्हणाला.

जालना आलं. मोंढ्याजवळ आर्यनने गाडी हळू केली. सेट गोदामात राहू दे, काही घाई नाही, असं तो म्हणाला. बिभीषणने टेम्पोवाल्याला फोन लावून सेट घरी आणायला सांगितला.

जयवंताबाई दारात शेळीला पाला घालत होती. एकेक ड्रम आत जाताना ती बघत राहिली. खोलीत चालायला जागा उरली नाही.

“हे इथं कामून?”

“तिकडं आता लागत न्हाई.”

“काढलं का तुला?”

“न्हाई. माझंच वाजवणार हायेत. मी नसलो तरी वाजतं आता. मशीनमधी भरून घेतलं.”

जयवंताबाईने हातातला पाला खाली ठेवला.

“मंग जेवायला बी मशीनलाच बोलवा म्हणावं त्यांना,” ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली. दोन ड्रमच्या मधून तिला आडवं होऊन जावं लागलं.

सोमवारी भोकरदन रस्त्यावरच्या एका गावात परण्या होता. तोही उशिरा पोहोचला. मुलीच्या चुलत्याने बद्रीनाथभाऊंना मांडवासमोर उभं करून लोकांदेखत ऐकवलं, आणि पुढच्या लग्नाला ऑक्टोपॅडवाला आणा, असा सल्लाही दिला. ऑक्टोपॅड म्हणजे टेबलाएवढ्या जागेत मावणारं, काड्यांनी वाजवायचं विजेचं यंत्र. या भागातल्या निम्म्या पार्ट्यांनी ते घेतलं आहे. येताना बद्रीनाथभाऊंनी फाट्यावरच्या हॉटेलसमोर गाडी थांबवली. दोघं बाकड्यावर बसले. ‘सळई’तली जागा गेल्यावर बिभीषणला वाजवायला हीच एक जागा उरली होती, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

“ऐकलं ना तो काय म्हणला ते?”

“ऐकलं.”

“बराबर बोलला का चूक बोलला?”

“बराबर बोलला.”

“मंग? घेऊ का ऑक्टोपॅडवालं?”

“घ्या.”

“घ्या म्हणतंय गाढव.” बद्रीनाथभाऊंनी बशीत चहा ओतला. “मला एक सांग, पायाकडं कधी पाहायला लागशील?”

“म्हाईत न्हाई, भाऊ.”

“प्रयत्न तरी करून राह्यला का?”

“पाहतो. पाय दिसतेत. पण ते पायच दिसतेत नुसते.”

बद्रीनाथभाऊंनी चहा संपवला. बँडच्या पोरांनी काय केलं ते त्यांच्या कानावर आलं होतं. मोंढ्यातली बातमी अर्ध्या दिवसात सगळीकडे पोहोचते.

“तिकडं बराबर वाजवलं म्हणून गेलास?”

“हाव.”

“आन् हिकडं बी बराबर वाजवून राह्यला म्हणून मी शिव्या खाऊन राह्यलो.” त्यांना हसू आलं. ते बराच वेळ हसले, हसता हसता खोकले, आणि हॉटेलवाल्याने पाण्याचा जग आणून ठेवला. बिभीषणने पेला भरून त्यांच्यापुढे सरकवला. तो हसला नाही, पण ते संपेपर्यंत थांबला. मग उठून गाडीवरच्या भोंग्यांच्या वायरी गुंडाळायला गेला.

बद्रीनाथभाऊंनी खिशातून मोबाइल काढला. दुसऱ्या दिवशीचं लग्न तीर्थपुरीच्या अलीकडच्या गावात होतं. त्यांनी नवरदेवाच्या बापाला फोन लावला. ते नेहमीच मोठ्याने बोलतात.

“रामराम पाव्हणं. बद्रीनाथ बेंजोवाला बोलून राह्यलो. उद्या पोराला अर्धा तास आधी घोड्यावर बसवा… न्हाई न्हाई, मुहूर्त हाय तोच हाय. परण्या आधी काढू… कामून म्हंजे? आमची गाडी जरा हळू हाय… इंजनाचंच समजा… हाव, दुरुस्तीला टाकलीय, पण टायम लागून राह्यलाय… न्हाई, ड्रमर तोच हाय.”

बिभीषणला हे ऐकू गेलं. वायरीचं भेंडोळं त्याने खिळ्याला अडकवलं आणि फाळका लावून घेतला.

उद्याचा मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा आहे. गाडी अंबड चौफुलीवरून साडेसहाऐवजी सहाला निघेल.